बॅग शेवटी, आधी कॅरिअर: सायकलवर रोजचं ओझं कसं न्यावं

सायकलवरून कामाला जायचं ठरलं की बहुतेक जण आधी बॅग शोधायला लागतात. हा क्रम उलटा आहे. आधी रोजचं ओझं तोलायचं, मग ते सायकलच्या कुठल्या भागावर बसवायचं ते ठरवायचं, त्या जागी ते पेलणारं कॅरिअर लावायचं आणि बॅग अगदी शेवटी घ्यायची. घट्ट कॅरिअरवर साधी कापडी पिशवीसुद्धा वर्षानुवर्षं चालते. लटपटत्या कॅरिअरवर महागाची बॅगही झिजते, तिचे हुक तुटतात आणि एखाद्या दिवशी पट्टा मागच्या चाकात जाऊन दोन-चार तारा वाकतात.

तर आधी वजन. घरात काटा नसेल तर ओळखीच्या किराणा दुकानात एकदा सगळं तोलून बघा. पंधरा इंची लॅपटॉप चार्जरसकट दोन ते अडीच किलो भरतो. तीन कप्प्यांचा भरलेला डबा सव्वा किलोच्या आसपास. लिटरभर पाण्याची स्टीलची बाटली सव्वा ते दीड किलो. रेनकोट पाऊण किलो, साखळी आणि कुलूप मिळून एक किलो. वही, छत्री, किरकोळ वस्तू धरल्या की सात किलो सहज होतात. येताना कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून भाजी, दोन किलो कांदे आणि पाच किलो तांदूळ घेतले की आकडा सोळा-सतरावर जातो. जाताना सात आणि येताना सतरा, हे दोन आकडे माहीत असले की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

कोल्हापुरात बहुतेकांचं रोजचं अंतर फार नसतं. राजारामपुरीतून लक्ष्मीपुरी, कसबा बावड्यातून दसरा चौक, कळंब्यातून बिंदू चौक. एवढ्याला खांद्यावरची सॅक चालून जाईल असं वाटतं, आणि ओझं कमी असेल तर चालतेही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हायवेने जाणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. अंतर जास्त, वारा मोकळा, आणि शेजारून ट्रक जाताना तोल जरासुद्धा ढळून चालत नाही.

पाठीवर, हँडलला की चाकावर

पाठीवरच्या सॅकचा एक खरा फायदा आहे. खड्ड्याचा दणका आधी आपले हात, पाय आणि कंबर झेलतात, त्यामुळे सॅकमधल्या लॅपटॉपला तो फार कमी पोचतो. उतरलं की सामान सोबतच असतं. म्हणून तीन-चार किलोपर्यंत सॅक ठीक. त्यापुढे ती अंगावर येते. सायकलवर आपण पुढे झुकलेले असतो, त्यामुळे ओझ्याचा भार खांदे, मनगटं आणि बैठकीच्या हाडांवर पडतो. एप्रिल-मेमध्ये पाठीचा घाम पुसायला जागा राहत नाही. आणि सॅक उंच असेल तर मागे वळून बघताना ती मानेला अडते. गर्दीच्या रस्त्यावर ही गोष्ट लहान नाही. सॅकच वापरायची असेल तर छातीवरचा पट्टा लावा आणि जड वस्तू पाठीला लागून, खाली ठेवा.

ओझं उंचावर का नको, याचं गणित सोपं आहे. सायकल एका बाजूला कलली की वजन तिला आणखी त्याच बाजूला ओढतं. किती जोराने, ते वजन जमिनीपासून किती उंच आहे त्यावर ठरतं. दहा किलोचं ओझं एक मीटर उंचीवर असेल तर तेवढ्याच कलाला ते अर्ध्या मीटरवरच्या ओझ्याच्या दुप्पट ओढतं. सिग्नलला एक पाय टेकून उभं राहताना किंवा सायकल हाताने ढकलत नेताना हा फरक लगेच जाणवतो. म्हणून ओझं जितकं खाली, तितकं बरं.

हँडलला पिशवी अडकवणं मात्र पूर्ण बंद करा, आणि हे आम्ही सगळ्यात कळकळीने सांगतो. कारण वजनाचं नाही, जागेचं आहे. हँडलला लोंबणारी पिशवी पुढच्या चाकाच्या अगदी शेजारी झुलते. वळताना किंवा खड्ड्यात ती चिमटा (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) आणि तारा यांच्या मध्ये शिरली की पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. अर्धा किलो कोथिंबीर-मिरचीची प्लास्टिकची पिशवीही यासाठी पुरते. एका बाजूला वजन लोंबलं की हँडल त्या बाजूला ओढलं जातं आणि एक ब्रेक नीट दाबता येत नाही, हे वर.

पुढची जाळीची बास्केट त्यापेक्षा सुरक्षित, पण तिची मर्यादा ओळखा. ती हँडलला बसवलेली असते, म्हणजे हँडलबरोबर वळते. जड झाली की हँडल उशिरा वळतं आणि मग जास्तच वळतं. तीन किलोपर्यंत ठेवा. बास्केटच्या मागच्या कडेखाली ब्रेकची वायर दाबली जात नाही ना, आणि पुढचा दिवा झाकला जात नाही ना, एवढं बघितलं की झालं.

राहिलं मागचं कॅरिअर. रोजच्या सात ते सतरा किलोला तीच योग्य जागा, कारण मागचं चाक त्यासाठीच मजबूत बांधलेलं असतं. जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असत, त्या याचसाठी.

कॅरिअरवर पण कसं

कॅरिअरच्या वर बांधणं आणि कॅरिअरच्या बाजूंना लटकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजूबाजूच्या खेड्यांतून शहरात रतीब घालणाऱ्या गवळ्यांनी दुधाचे कॅन कधी वर रचले नाहीत. दोन्ही बाजूंना, ॲक्सलच्या म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्याच्या जवळ लटकवले. वजन खाली जातं, दोन्हीकडे सारखं होतं आणि कॅरिअरचा वरचा भाग मोकळा राहतो. आणखी एक: कॅन गळ्यापर्यंत भरलेला असला तर दूध डचमळत नाही. अर्धा भरलेला पाण्याचा जार कॅरिअरवर आडवा बांधणं सगळ्यात वाईट, कारण ब्रेक दाबला की पाणी पुढे आणि सोडला की मागे धावतं आणि तेवढं वजन सायकलला ढकलत राहतं.

बाजूंना लटकणाऱ्या या खुर्ज्या दुकानात पॅनिअर नावाने मिळतात. एका बॅगेची जाडी पंधरा ते अठरा सेंटिमीटर असते. दोन्ही लावल्या तरी सायकलची मागची रुंदी साधारण पन्नास सेंटिमीटर होते आणि हँडल साठच्या आसपास असतं. म्हणजे महाद्वार रोडच्या गर्दीत जिथून हँडल जाईल तिथून बॅगाही जातील.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी सायकलवर लावूनच तपासा. पहिली, टाच. पायडल मागे नेऊन टाच बॅगेला लागते का बघा. किमान तीन सेंटिमीटर अंतर हवं. गिअरच्या नव्या सायकलींचा मागचा भाग आखूड असतो, तिथे हा प्रश्न हमखास येतो. बॅग मागे सरकवून तो सुटतो, पण सरकवायलाही मर्यादा आहे. ओझं ॲक्सलच्या मागे गेलं की ते पुढचं चाक उचलायला बघतं. पंधरा किलो ॲक्सलच्या वीस सेंटिमीटर मागे ठेवले आणि दोन्ही चाकांमधलं अंतर ११० सेंटिमीटर असलं, तर पुढच्या चाकावरचा भार पावणेतीन किलोने कमी होतो. सपाटीवर ते कळत नाही. टाकाळ्याच्या चढाला पुढचं चाक हलकं होऊन भरकटायला लागतं तेव्हा कळतं.

दुसरी, हुक. पॅनिअरचे हुक साधारण दहा मिलिमीटर जाडीच्या नळीसाठी बनवलेले असतात. बारीक नळीसाठी सोबत प्लास्टिकचे तुकडे येतात, ते हुकात बसवायचे. आपल्याकडच्या साध्या कॅरिअरची सळी बऱ्याचदा सहा मिलिमीटरच असते. तिच्यावर हुक खडखडतो, आणि जे खडखडतं ते झिजतं. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी कापून सळीला ताणून गुंडाळा, शेवटचा वेढा मागच्या वेढ्याखालून ओढून घ्या, वरून हुक बसवा. आवाज आणि झीज दोन्ही थांबतात.

तिसरी, बॅगेची मागची बाजू. कॅरिअरच्या प्रत्येक बाजूला ॲक्सलपर्यंत जाणारा एकच पाय असेल तर भरलेल्या पिशवीचं पोट त्या पायाच्या मागून तारांमध्ये घुसतं. त्यासाठी एक तिरपा पाय जास्तीचा हवा किंवा बॅगेच्या पाठीत चार-पाच मिलिमीटर प्लायचा तुकडा हवा. लेडीज सायकलला साडी गार्डची जाळी असते, ती इथे फार उपयोगी आहे. ती काढून टाकू नका. उलट नसेल तर लावून घ्या.

एकच बॅग लावणार असाल तर डावीकडे लावा. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, त्यामुळे बॅग वाहनांच्या बाजूला येत नाही. चेन आणि गिअर उजवीकडे, म्हणून बॅगेला तेल लागत नाही. आणि साईड स्टँड डावीकडे असल्याने सायकल तशीही डावीकडेच कललेली असते. उजवीकडे जड बॅग लावली तर ती त्या बाजूला आडवी होऊ शकते. अडचण फक्त पावसाळ्यात: ओल्या मातीत स्टँडचा पाय रुततो. खाली एखादी फरशीची चीप ठेवली की भागतं. एका बाजूला सहा-सात किलोपेक्षा जास्त मात्र नको, त्यापुढे दोन्हीकडे वाटून घ्या.

भरताना जड आणि घट्ट वस्तू खाली आणि पुढे, म्हणजे पायडलच्या बाजूला. पाच किलोचे तांदूळ किंवा गुळाची ढेप तळाशी, भाजी वर. लॅपटॉप मात्र तळाला टेकवू नका. कॅरिअरला दणका झेलणारी स्प्रिंग नसते, खड्ड्याचा दणका थेट तळातून येतो. त्याला फोमचं कव्हर घाला, उभा ठेवा आणि खाली टॉवेल किंवा रेनकोटची घडी द्या, म्हणजे चार-पाच सेंटिमीटर गादी मिळते.

कॅरिअरच्या वर बांधायचंच असेल तर कॅरिअरवरच्या स्प्रिंगच्या पकडीवर विसंबू नका. ती वही-डब्यापुरती. ट्यूबची लांब पट्टी सगळ्यात भरवशाची. ती सामानाला चिकटून बसते आणि सरकत नाही. हुक असलेली लवचिक दोरी वापरत असाल तर ताणताना तोंड तिच्या रेषेत आणू नका, सुटलेला हुक सरळ डोळ्याकडे येतो. कुठलीही पट्टी बांधा, तिचं मोकळं टोक आत खोचा. लोंबणारं टोक आधी हवेत उडतं आणि मग फ्रीव्हीलमध्ये, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्रात जातं.

कॅरिअर निवडणं आणि उद्यमनगरात करून घेणं

तयार ॲल्युमिनियमच्या कॅरिअरवर कमाल वजन कोरलेलं असतं, बहुधा २५ किलो. तो आकडा चारही टोकं नीट आवळलेली असतील तरच खरा. भरलेली घरगुती गॅसची टाकी तीस किलोच्या आसपास जाते, त्यात गॅस १४.२ किलो आणि बाकी लोखंड. म्हणजे ती या कॅरिअरचं काम नाही. फक्त सीटखालच्या दांड्याला पकडणारं, चाकापर्यंत पाय नसलेलं कॅरिअर दिसायला सुटसुटीत, पण ते सात ते दहा किलोलाच आहे आणि दांड्याभोवती फिरत राहतं. बाजूला पॅनिअर लावायला ते निरुपयोगी. फ्रेमला बोल्टची भोकं असतील तर ती वापरा. नसतील तर रबर लावलेले गोल क्लॅम्प मिळतात, ते मागच्या दांड्यांना आवळून त्यावर कॅरिअर बसवता येतं, फक्त वजन दहा-बारा किलोपर्यंत ठेवा.

बोल्ट पाच मिलिमीटरचे असतात, चार नंबरच्या ॲलन कीने आवळतात. लांबी महत्त्वाची. उजव्या बाजूचा बोल्ट फ्रेमच्या आत दोन मिलिमीटर जरी जास्त आला तरी सगळ्यात लहान गिअरवर चेन त्याला घासते किंवा अडकते. बोल्ट लावल्यावर मागचं चाक हाताने फिरवून लहान गिअरवर चेन टाकून बघा. प्रत्येक बोल्टला वायसर आणि शक्य तिथे नायलॉनची कडी असलेला नट लावा. नट लावायला जागा नसेल तर आट्यांवर निळं लॉकटाईट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) एक थेंब. नवीन बसवलेलं कॅरिअर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळायचंच. कॅरिअर तुटतात त्याआधी ते ढिले झालेले असतात. एक बोल्ट सैल झाला की त्याचा भार उरलेल्या तीन टोकांवर जातो आणि सळी मागे-पुढे वाकत वाकत थकते.

कोल्हापूरकरांना एक सोय अशी आहे की शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडून कॅरिअर मापाने करून घेता येतं. काळ्या जुन्या सायकलला तेच उत्तम. जाताना सायकल सोबत न्या आणि हे सांगा: सळी आठ मिलिमीटरची. दहाची घेतली की मजबूत वाटतं, पण एका मीटरला आठच्या सळीचं वजन ३९५ ग्रॅम आणि दहाच्या सळीचं ६१७ ग्रॅम. चार मीटर सळी लागली तर दीड किलोच्या जागी अडीच किलो लोखंड रोज फुकट ओढाल. मजबुती जाडीतून कमी आणि तिरप्या पायातून जास्त येते, म्हणून प्रत्येक बाजूला एक सरळ आणि एक तिरपा असे दोन पाय मागा, खाली एकत्र मिळालेले. वरचा पाट ३५ ते ३८ सेंटिमीटर लांब, १२ ते १४ रुंद आणि जमिनीला समांतर. पाय आणि तारा यांच्यात किमान दोन सेंटिमीटर मोकळी जागा.

सगळ्यात महत्त्वाचं खालच्या टोकाचं. बरेच कारागीर सळीचं टोक ठोकून चपटं करतात आणि त्यात भोक पाडतात. कॅरिअर तिथेच तुटतं, कारण ठोकलेली, पातळ झालेली जागा वाकण्याला कच्ची असते. त्याऐवजी तीन मिलिमीटर पट्टीचा तुकडा सळीला वेल्ड करून त्यात भोक घ्या. वेल्डिंग झाल्यावर शिंतोडे ग्राइंडरने काढून मगच रंग किंवा पावडर कोटिंग. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात त्या शिंतोड्यांखालून गंज धरतो. खाली पॅनिअरच्या रबराचा हुक अडकवायला एक छोटी कडीही त्याच वेळी लावून घ्या.

पाऊस

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कुठलीही बॅग वाचवायची तर पाणी कुठून येतं ते समजून घ्यावं लागतं. वरून येणारं पाणी कमी त्रासाचं. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी खालून आणि मागून येतं, त्यात चिखल असतो आणि तो शिवणीतून आत जातो. म्हणून वरून चढवायचं कव्हर अर्धंच काम करतं. आधी पूर्ण लांबीचा मडगार्ड आणि त्याला खाली रबराची झालर. मग बॅग.

तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक बॅगा चांगल्या, त्यांचं तोंड तीन वेढे गुंडाळलं तरच पाणी थांबतं. दोन वेढ्यांवर बकल लावलं की पाणी आत. रेक्झिन किंवा ताडपत्रीची बॅग शिवून घेतली तर कापडातून पाणी येत नाही, सुईच्या भोकांतून येतं. शिवणीवर आतून रबर सोल्युशनचा हात फिरवा. आणि कुठलीही बॅग असो, आत एक आख्खी, न शिवलेली प्लास्टिकची पिशवी ठेवा. खताच्या पोत्याच्या आत असते तशी जाड पिशवी स्वच्छ धुऊन घेतली की अनेक पावसाळे पुरते. कागदपत्रं आणि लॅपटॉप त्या पिशवीत, ओला रेनकोट तिच्या बाहेर. रेनकोट आत कोंबला की कोरडी बॅग आतून ओली होते.

परीख पुलाखाली पाणी साठलं असेल तर बॅगेकडे बघून ठरवा. चाकाचा ॲक्सल जमिनीपासून साधारण पस्तीस सेंटिमीटरवर असतो आणि पॅनिअरचा तळही तेवढ्याच उंचीवर. पाणी ॲक्सलपर्यंत आलं म्हणजे बॅग बुडाली आणि बेअरिंगमधलं ग्रीसही धुऊन गेलं. वळसा घ्या.

ओझं घेऊन चालवताना

माणूस ६५ किलो आणि सायकल १६ किलो धरली तर एकूण ८१. त्यावर पंधरा किलो चढले की थांबायला लागणारं अंतर त्याच ब्रेकला सुमारे एक पंचमांशाने वाढतं. क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक मुळातच कमी धरतो. उतारावर आधीपासून ब्रेक हलके दाबत रिम पुसून घ्या, मग जोर लावा. मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच ते दहा पीएसआय हवा जास्त भरा, टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत राहून. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. तशी जोडीने भोकं दिसली तर दोष खिळ्याचा नाही, हवेचा आहे.

मागचा दिवा सीटखाली असेल तर बॅगेने झाकला जातो. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला हलवा. चढावर उभं राहून पायडल मारायची सवय सोडा. ओझं मागे असताना सायकल डावी-उजवी झोके खाते. गिअर असेल तर बसूनच हलक्या गिअरवर चढा, नसेल तर उतरून ढकला.

मागच्या चाकाची एखादी तार तुटली तर ओझं लादून पुढे जाऊ नका. तिचा भार शेजारच्या तारा घेतात, चाक आउट निघतं, म्हणजे फिरताना डुलायला लागतं, आणि आठवड्यात दुसरी तुटते. त्याच दिवशी तार बदलून आउट काढून घ्या. उजव्या बाजूची असेल तर फ्रीव्हील काढावं लागतं, म्हणून वेळ आणि मजुरी जास्त लागेल. त्याच खेपेला फ्रीव्हील साफ करून घ्या. तिसरी तार तुटली की एकेक बदलत बसू नका, मागचं पूर्ण चाक नव्या तारांनी बांधून घ्या.